बागेत न येणाऱ्यांना कुणी विचारलंय का?

"त्यांना निसर्गाची आवडच नसते हो." गरीब वस्त्यांमधली माणसं बागेत, टेकडीवर, अभयारण्यात फारशी का दिसत नाहीत, असा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येतं. बोलणारी माणसं मनाने वाईट नसतात, पण मला ते ऐकवत नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. पोस्ट लांबणार आहे, तरी वाचा.

आवडीचंच बोलायचं तर 24 एप्रिल 1932 चा दिवस आठवा. इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि आसपासच्या गावांतले काहीशे तरुण, बहुतेक कामगार, किंडर स्काउट नावाच्या पठारावर चढून गेले. आठवडाभर धुरात काम करायचं आणि सुटीच्या दिवशी मोकळ्या माळावर भटकायचं, एवढीच त्यांची ओढ. पण तो माळ जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवला होता. रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच तरुणांना तुरुंगात जावं लागलं. पुढे 1949 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि 1951 मध्ये त्या देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, ते याच भागात. माळावर पाय ठेवण्यासाठी तुरुंगात गेलेल्या माणसांना निसर्गाची आवड नव्हती, असं कोण म्हणेल?

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क घ्या. श्रीमंत-गरीब सगळ्यांनी एकाच हिरवळीवर यावं, हे त्याच्या रचनाकारांपैकी एक असलेल्या ओल्मस्टेडचं स्वप्न होतं आणि ते त्याने मनापासून पाहिलं होतं. पण त्याच जागेच्या एका भागात सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. सव्वादोनशेच्या आसपास माणसं, बहुतेक कृष्णवर्णीय, अनेकांची स्वतःची घरं, तीन चर्च, एक शाळा. 1857 पर्यंत ती वस्ती उठवली गेली. सगळ्यांसाठी बाग करताना आधी कुणाला तरी घराबाहेर काढलं गेलं. याच बागेत 2020 मध्ये ख्रिश्चन कूपर हा कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षक दुर्बीण घेऊन फिरत होता. त्याने एका बाईला कुत्र्याला साखळी लावायला सांगितलं, तसा तिथला नियमच आहे. तिने पोलिसांना फोन केला, एक कृष्णवर्णीय माणूस मला धमकावतोय म्हणून. मध्ये दीडशेहून अधिक वर्षं गेली होती.

व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात तर कृष्णवर्णीयांसाठी वेगळी जागा होती आणि तशी पाटीही होती. 1950 पर्यंत हा भेद पूर्णपणे मोडला गेला. पाटी गेली, पण जंगलात जाण्याची सवय घरातूनच लागते. आजोबांना जिथे मज्जाव होता तिथे ते वडिलांना कसे नेणार? आणि वडील कधी गेलेच नाहीत तर मुलीला पायवाटांची माहिती कोण देणार, झाडांची नावं कोण सांगणार? आज ती मुलगी मोठी होऊन जंगलात जात नाही, तेव्हा आपण म्हणतो, आवड नाही.

आता पाट्या नसतात, नजरा असतात. एका बागेच्या फाटकाशी मी स्वतः पाहिलंय. कामावरून परतणारी तीन पोरं, कपड्यांवर रंगाचे डाग, आत येऊन झाडाखाली टेकली. वॉचमन लगेच शिटी वाजवत आला. "काय काम आहे? इथं का बसलात?" त्याच वेळी बाजूच्या ट्रॅकवरून दहा-बारा माणसं चालत होती, त्यांतल्या एकालाही कधी कुणी काम विचारलं नसेल. पोरं वाद न घालता उठली. मी बोलायला पुढे होईपर्यंत फाटकाबाहेर गेलीसुद्धा. ती परत येणार नाहीत आणि नोंदवहीत कुठेही असं लिहिलं जाणार नाही की त्यांना हाकललं. पुढच्या वर्षी सर्वेक्षण होईल तेही आत आलेल्या माणसांचंच.

वॉचमनवर सगळं ढकलून मी मोकळी होणार नाही, त्याला तसं करायला सांगितलेलं असतं. बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा बसवतात, कुणी आडवं होऊ नये म्हणून. मोटारसायकली रोखायला फाटकाशी नागमोडी कठडे घालतात, त्यातून व्हीलचेअर जात नाही. पाटीवर मनाईच मनाई: खेळू नका, बसू नका, खाऊ नका. काय करायला या, हे कुठेच नाही.

विचारलं तर काय होतं, हे व्हिएन्नाने दाखवलंय. 1990 च्या दशकात तिथे लक्षात आलं की साधारण दहा वर्षांच्या पुढे मुली बागेतून जवळजवळ दिसेनाशा होतात, मुलगे मात्र येत राहतात. मुलींना आवड नाही म्हणून शहराने विषय मिटवला नाही. शोध घेतला तेव्हा कळलं की मोकळ्या पटांगणाचा ताबा मुलगे घेतात आणि मुली भांडत बसण्यापेक्षा निघून जातात. चेंडू खेळायच्या जाळीबंद जागांना एकच अरुंद दार, दारात मुलांचा घोळका. आत कोण शिरणार? मग 1999 मध्ये दोन बागांची फेररचना केली. मोठं पटांगण छोट्या भागांत विभागलं, आत-बाहेर जायला जास्त वाटा केल्या, बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉलची सोय केली, उजेड वाढवला. मुली परत आल्या. आणि त्यासाठी मुलांना कुणी बाहेर काढलं नाही. ही युक्ती फक्त मुलींपुरती नाही. गरीब, अपंग, म्हातारी, परकी समजली जाणारी माणसं कोणत्या दारात अडतात, हेही असंच शोधता येतं.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. दोन पाळ्यांत राबणारी बाई संध्याकाळी उशिरा मोकळी होते, तेव्हा बाग बंद झालेली असते. स्वच्छतागृह नसेल तर लहान मुलांना घेऊन ती तासभरही थांबू शकत नाही. राष्ट्रीय उद्यानापर्यंत बस जात नसेल तर मोफत प्रवेशाचा उपयोग गाडीवाल्यांनाच.

आणि हे चोचले नाहीत. 2008 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मिचेल आणि पॉपम यांचा इंग्लंडमधला अभ्यास आला. जिथे हिरवाई जास्त, तिथे श्रीमंत आणि गरीब यांच्या मृत्युदरातली दरी कमी आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाचा ढोबळ नियम सांगतो की घरापासून 300 मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी. ज्यांच्या घरात दुसरी खोली नाही, त्यांना तर झाडाची सावली सगळ्यात आधी मिळायला हवी.

एक भीती मात्र खरी आहे. वस्तीशेजारी छान बाग झाली की भाडी वाढतात आणि ज्यांच्यासाठी बाग केली तेच लोक लांब फेकले जातात. म्हणूनच मला वॉशिंग्टनमधला इलेव्हन्थ स्ट्रीट ब्रिज पार्क महत्त्वाचा वाटतो. पुलावरच्या या उद्यानाचं बांधकाम सुरू व्हायच्या कितीतरी आधी तिथे शेजारच्या वस्त्यांमधली घरं आणि रोजगार टिकवण्याची योजना आखली, सामूहिक मालकीच्या जमिनीचा ट्रस्ट उभा करायला हातभार लावला. आधी माणसं टिकवायची, मग झाडं लावायची, हा क्रम मला पटतो.

आणि अधिकार द्यायचे तर पुरते द्या. ऑस्ट्रेलियात उलुरू, म्हणजे एक प्रचंड खडक असलेलं ठिकाण, 26 ऑक्टोबर 1985 रोजी तिथल्या मूळ रहिवाशांना, आनंगू लोकांना, परत दिलं गेलं. त्यांनी ते राष्ट्रीय उद्यान म्हणून 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारला दिलं. उद्यानाच्या मंडळात बहुमत त्यांचं आहे. त्या खडकावर चढू नका, तो आम्हाला पवित्र आहे, असं ते वर्षानुवर्षं विनवत होते. 2019 मध्ये चढाई बंद झाली, कारण ठरवायच्या जागी ते स्वतः बसले होते.

तेव्हा तुमच्या भागात बागेचा आराखडा ठरत असेल, तर बैठक कधी आणि कुठे आहे ते आधी विचारा. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता, एखाद्या कार्यालयात असेल तर ती संध्याकाळी, वस्तीतच घ्यायला लावा. मुलांना सांभाळायची सोय मागा, वस्तीतल्या लोकांच्या भाषेत बोलणारं माणूस मागा. आणि बागेत नोकऱ्या निघतील तेव्हा माळी, रखवालदार, मार्गदर्शक त्याच वस्तीतले घ्या, असं इतिवृत्तात लिहून घ्या.