अंदमानला जायला टूर लागत नाही

आज सकाळी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर अंदमानच्या एका सहलीचे रंगीत पत्रक आले. पाठवणारे काका सज्जन आहेत, त्यांचा हेतूही चांगला आहे, म्हणून समूहावर मी काही बोलले नाही. पण दुपार झाली तरी ते पत्रक डोक्यातून जात नाही, तेव्हा येथे लिहिते. पाच रात्री, सहा दिवस. तिसऱ्या दिवशी ‘हॅवलॉक – राधानगर किनारा, ४५ मिनिटे’. चौथ्या दिवशी ‘नील बेट – सकाळी ११ वा. नैसर्गिक पूल, फोटोसाठी थांबा’. पाचव्या दिवशी बाराटांग, आणि त्यापुढे ठळक अक्षरांत, उद्गारचिन्हासह, ‘वाटेत जारवा आदिवासी दिसण्याची शक्यता!’ त्याखाली मंडळींचे अंगठे आणि एका वहिनींचा अभिप्राय, की अंदमान हे काही आपले आपण जाण्यासारखे ठिकाण नव्हे, तिथे टूरच बरी.

जारव्यांकडे मी नंतर येणार आहे, कारण त्याविषयी लिहू लागले की बाकीचे राहून जाईल. आधी वहिनींचे वाक्य.

आपले आपण जाण्यासारखे नाही म्हणजे नेमके काय? पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक किंवा नील येथे जाण्यासाठी भारतीय नागरिकाला कोणताही परवाना लागत नाही. सरकारदरबारी आता ही नावे श्री विजयपुरम, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी झाली आहेत, पण जेट्टीवर मला जुनी नावेच ऐकू आली आणि मीही तीच लिहिणार आहे. बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, रांचीकडून मजुरीसाठी आणलेल्यांची नातवंडे आणि काळ्या पाण्याच्या कैद्यांचे वंशज अशी तेथील सगळी वस्ती एकमेकांशी हिंदीत बोलते, आणि तेवढे हिंदी आपल्यालाही येते. २०२० साली चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून घरबसल्या खोली ठरवण्यातही काही अडचण राहिलेली नाही. हॅवलॉकवर दुचाकी भाड्याने मिळते. जेट्टीपासून राधानगरपर्यंतचा सुमारे १२ किलोमीटरचा रस्ता भातशेतीतून आणि सुपारीच्या बागांमधून जातो. बेटावरील गावांची नावे गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर अशी आहेत, कारण १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने येथे जमिनी दिल्या आणि त्यांनी जंगल तोडून ही शेती उभी केली. टूरच्या गाडीच्या काचेतूनही ही शेते दिसतात, हे मान्य. दिसतात आणि मागे पडतात.

राहता राहिली जहाजे. खासगी जहाज लवकर पोचते, वातानुकूलित असते आणि त्यांतील बहुतेकांत प्रवासभर खुर्चीवर बसून राहावे लागते. सरकारी जहाजाला अधिक वेळ लागतो, त्याच्या तिकिटासाठी आम्हाला अर्ज भरून, ओळखपत्र दाखवून रांगेत उभे राहावे लागले, आणि बेटावर राहणाऱ्यांचा हक्क पर्यटकाच्या आधी असतो, जो असायलाच हवा. त्या बदल्यात उघड्या डेकवर उभे राहता येते. शेजारी पोर्ट ब्लेअरच्या रुग्णालयातून घरी परतणारे आजोबा असतात, बदली झालेल्या शिक्षिका असतात, कोणाच्या तरी घराचे पत्रे असतात. बेटावर माणसे राहतात ही गोष्ट किनाऱ्याला लागण्यापूर्वीच लक्षात येते, आणि माझ्या मते अंदमानात सर्वांत आधी लक्षात यायला हवी ती हीच गोष्ट आहे.

हे सगळे मी नीलवरच्या एका मुक्कामाच्या बळावर बोलते आहे, असे कोणी म्हटले तर ते खरे आहे. मी आणि माझी मैत्रीण तेथे एका बंगाली कुटुंबाच्या घरी उतरलो होतो. निघण्याच्या दिवशी कमी दाबाच्या पट्ट्यामुळे जहाज रद्द झाले. जेट्टीवर एक मोठी सहल अडकली होती. विशी-पंचविशीतला टूर मॅनेजर दोन्ही कानांना दोन फोन लावून उभा होता आणि एक गृहस्थ ‘आमच्या पैशांचे काय’ म्हणून त्याच्यावर ओरडत होते, जणू वारा त्यानेच सोडला होता. आम्ही पिशव्या उचलून परत घरी आलो. त्या घरच्या मासी अंगणात विळीवर मासा चिरत बसल्या होत्या. जहाज आले नाही, असे सांगितल्यावर त्यांनी मानही वर न करता म्हटले, ‘जहाज नहीं आया तो क्या हुआ, मछली तो आया है.’

त्या रात्री मोहरी वाटून केलेले माशाचे कालवण आणि भात खाताना त्यांनी सासऱ्यांची हकिगत सांगितली. सरकारी जहाजातून उतरले तेव्हा समोर शेत नव्हतेच, झाडे होती; आधी झाडे पाडायची आणि मग त्याला आपली जमीन म्हणायचे. आज नीलला अंदमानचे भाजीचे कोठार म्हणतात आणि तेथील भाजी बोटीने पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. ‘रोज महाराष्ट्रीय भोजन’ हे पत्रकात सर्वांत मोठ्या टायपात छापणाऱ्यांनी, निदान नीलवर तरी, त्या मातीतल्या वांग्याची भाजी खायला काय हरकत आहे? काही जणांचे पथ्य असते, काहींना मासळीचा वासही सहन होत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांनी खाऊ नये. पण हजारभर किलोमीटरचा समुद्र ओलांडून जायचे आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी कशी मऊ झाली होती याचेच कौतुक करत परतायचे, हे मला समजत नाही.

मासींच्या मुलाने रात्रीच सांगून ठेवले होते की पहाटे पाचला उठा, पाणी उतरलेले असेल. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस होते. मी रत्नागिरीची, आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, पण ते कोष्टक त्या किनाऱ्यावर चालत नाही, तेथील पाण्याचे घड्याळ वेगळे आहे. उजाडता उजाडता आम्ही लक्ष्मणपूरच्या खडकांवर पोचलो. जो नैसर्गिक पूल पत्रकात ‘फोटोसाठी थांबा’ आहे, तो प्रवाळी खडकाची मोठी कमान आहे, आणि त्याच्या पायथ्याशी जाण्याची वाट फक्त ओहोटीत उघडी पडते. पाऊल कोठे ठेवायचे आणि कोठे नाही, हे तो मुलगा प्रत्येक पावलाला सांगत होता, कारण जिवंत प्रवाळावर पाय पडला की ते मरते. खडकांतील एका डबक्यात त्याने बोट दाखवले. हाताच्या पंजाएवढा एक शिंपला खडकात रुतून बसला होता, त्याचे ओठ निळ्या-जांभळ्या मखमलीचे होते आणि त्यावर हिरवे ठिपके होते. पाण्यावर आमची सावली पडली मात्र, ते ओठ मिटले. आम्ही मागे सरून वाट पाहिली. बऱ्याच वेळाने ते पुन्हा उघडले.

आम्ही परतलो तेव्हा जेट्टीवरची ती सहल नैसर्गिक पूल पाहायला निघाली होती. साडेदहा वाजून गेले होते, पाणी चढले होते, डबकी बुडाली होती. मंडळींनी लांबून छायाचित्रे काढली आणि एक बाई आम्हाला म्हणाल्या की एवढे चालून यावे असे येथे काही नाही. त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांना जे दाखवले गेले त्यात खरोखरच काही नव्हते. आदल्या दिवशी जहाज रद्द झाल्यामुळे तोच एक अधिकचा दिवस त्यांच्याही पदरात पडला होता, पण तो कोणाच्या तरी कार्यालयातील वेळापत्रकावर घालवायचे ठरले होते. आजच्या पत्रकावरील ‘सकाळी ११ वा.’ वाचले तेव्हा मला त्याच बाई आठवल्या. प्रत्येक तारखेला सकाळी ११ वाजता! बेटाचे वेळापत्रक चंद्र ठरवतो, हे ज्यांना ठाऊक नाही ते माणसांकडून पैसे घेऊन त्यांना बेट दाखवतात.

राधानगरचेही तेच. हा भारत, घड्याळ दिल्लीच्या वेळेचे, पण बेट पार पूर्वेला. तेथे हिवाळ्यात संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य बुडतो. ४५ मिनिटांत गाडीतून उतरणे, कपडे बदलणे, भिजणे, पुन्हा कपडे बदलणे आणि माणसे मोजणे एवढेच होते. किनाऱ्यामागे समुद्रमहुआची प्रचंड झाडे आहेत. त्यांच्या सावलीत नुसते बसून राहण्याची वेळ कोणत्या रकान्यात टाकणार?

आता जारवा.

पोर्ट ब्लेअरहून बाराटांगला जाणारा अंदमान ट्रंक रोड जारव्यांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या थांबवतात आणि ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात. वाटेत थांबायला, छायाचित्र काढायला, खायला देण्याला मनाई आहे. हे लोक काही शेच उरले आहेत, १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते बाहेरच्या जगापासून दूरच राहिले, आणि बाहेरून गेलेला एक साधा आजार त्यांच्या अख्ख्या वस्तीला पुरेसा आहे. त्यांच्या संरक्षणाचा कायदा १९५६ पासून अस्तित्वात आहे. तरीही २०१२ साली अन्नाच्या तुकड्यासाठी जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गेली आणि आपल्याला मान खाली घालावी लागली. एवढे होऊनही एक सहल कंपनी पुण्यात बसून ‘दिसण्याची शक्यता’ छापते, उद्गारचिन्ह घालते, आणि माझ्याच घरातील शिकलेली माणसे त्याला अंगठे दाखवतात. ताडोब्याच्या जाहिरातीत वाघाविषयी छापतात तेच वाक्य आहे हे! माझ्या मित्रयादीतील कोणालाही जारवा हे माणूस आहेत असे समजावून सांगावे लागणार नाही, याची मला खात्री आहे. मग हे अंगठे कोणाचे?

आपल्या आपण जाणारेही भाड्याच्या गाडीने त्याच ताफ्यातून जातात आणि त्यांच्यातीलही काही जण खिडकीतून फोन बाहेर काढतात. होय, काढतात. त्यांनाही हेच लागू आहे. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि खाजणातील होडीचा प्रवास सुंदर आहे असे सगळे सांगतात, असेल. आम्ही गेलो नाही आणि त्यावाचून काही अडले नाही.

थोडा चहा घेऊन आले. आता जरा शांतपणे लिहिते, कारण टूरबद्दल एक गोष्ट मला मान्य करावीच लागेल. माझे वडील टूरनेच अंदमानला गेले होते. गुडघे गेलेले, मधुमेह, आणि मनात एकच इच्छा, की सेल्युलर जेलमधील सावरकरांची कोठडी डोळ्यांनी पाहायची. त्या टूरमधील मुलांनी त्यांना हाताला धरून तिसऱ्या मजल्यावर नेले. ते उपकार मी विसरलेले नाही. त्या वयाच्या माणसाने जेट्टीच्या रांगेत उभे राहावे असे मी म्हणणार नाही.

मात्र वडील परत आल्यावर एवढेच म्हणाले होते की अजून थोडा वेळ बसू द्यायला हवे होते. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षे बांधलेला तो तुरुंग, मधल्या मनोऱ्यापासून सात दिशांना गेलेल्या सात इमारती, एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडे पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कैद्याचा चेहराही दिसू नये. आज त्यांतील तीनच उभ्या आहेत. सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत तेथे होते, थोरले बंधू बाबारावही होते, आणि बंगाल-पंजाबातील कितीतरी तरुण होते ज्यांच्या नावांच्या पाट्यांसमोर आपली मंडळी थांबतही नाहीत, कारण पुढे ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची वेळ झालेली असते. मी गेले तेव्हा सकाळी दार उघडल्याबरोबर आत गेले आणि दुपारपर्यंत बाहेर आले नाही. वडिलांसाठी बसून घेतले, असे म्हणा हवे तर.

मासींच्या घरी दिलेले खोलीभाडे मासींच्याच हातात गेले, हेही मला महत्त्वाचे वाटते. टूरच्या पैशांतूनही तेथील चालकांची आणि हॉटेलांतील मुलांची घरे चालतात, हे खरे आहे. पण त्या वाटेने मासी भेटत नाहीत, आणि मासींचा मुलगा पाण्याची वेळ सांगत नाही.

माझी भाची मैत्रिणीबरोबर फेब्रुवारीत निघते आहे, आणि वहिनींचे ते वाक्य वाचून तिची आई आज सकाळपासून डळमळीत झाली आहे. भाचीला मी एवढेच सांगितले आहे की आधी भरती-ओहोटीचे तक्ते बघ आणि मग बेटांचा क्रम ठरव. किनाऱ्यावरचा शंख किंवा प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकू नकोस, विमानतळावर सामान तपासतात आणि कायदाही आहे. आणि शेवटच्या बेटावरून परतण्याचा दिवस आणि परतीचे विमान यांच्यामध्ये एक दिवस मोकळा सोड, कारण जहाज रद्द होऊ शकते. यातले शेवटचे कारण तिच्या आईला अजून सांगितलेले नाही. तिकिटे निघाली की सांगेन.