कुंपणाबद्दल थोडं

बोट्सवानावरचा लेख आवडला, पण "इथले प्राणी कुंपणाविना मोकळे फिरतात" हे वाक्य अर्धंच खरं आहे. चोबे, मोरेमी या राखीव जंगलांना कुंपण नाही, कबूल. पण गुरांसाठी घातलेल्या तारांच्या कुंपणांनी देश आडवा-उभा कापलाय, त्याचा लेखात उल्लेखच नाही. कारण साधं आहे: रानम्हशींकडून गुरांना लाळ्या-खुरकूत होऊ नये. रोग पसरला तर युरोपला जाणारं गोमांस बंद. हिऱ्यांच्या आधी देशाचा आधार गुरंच होती. आजही तिथे माणसाची पत गोठ्यावरून ठरते.

१९५८ मध्ये मध्य कलहारी अभयारण्याच्या उत्तरेला कुके कुंपण उभं राहिलं आणि पाण्याकडे जाणाऱ्या विल्डबीस्ट या मोठ्या हरणांची वाट अडली. १९८०च्या दशकातल्या दुष्काळात ते हजारोंनी मेले. तारेला लागून पडलेल्या सांगाड्यांचे तेव्हाचे फोटो बघवत नाहीत. माउनहून गान्झीला जाताना याच रेषेवरच्या फाटकावर आमची गाडी थांबवली. औषधाच्या पाण्यातून चाकं नेली, ओल्या गोणपाटावर बूट पुसायला लावले आणि खोक्यातलं कच्चं मांस काढून घेतलं. तपासनीस अगदी सौजन्याने वागला, नियम समजावून सांगितला. तिथल्या गुराख्यांची बाजूही मला पटते, दुष्काळात जनावर गेलं की घर बसतं. म्हणूनच हत्तींच्या वाढत्या संख्येचं कौतुक करताना विल्डबीस्टची ही किंमतही लेखात यायला हवी होती.