कपडे वाळवायच्या ड्रायरची गरम हवा घरात सोडू नका, माझाच मेसेज चुकला

परवा मीच इथे टाकलं होतं की थंडीत ड्रायरचा मागचा पाइप काढायचा, तोंडाला जुना पायमोजा बांधायचा आणि गरम हवा घरातच सोडायची, हीटरचा खर्च वाचतो. ते चुकीचं आहे, आणि बऱ्याच जणांनी पुढे पाठवलंय म्हणून हे लिहितोय.

गॅसवर चालणारा ड्रायर असेल तर असं अजिबात करू नका, कारण त्या हवेत जळलेल्या गॅसचा धूर असतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, त्याला ना वास ना रंग, माणसाला कळतही नाही. इलेक्ट्रिकमध्ये तो प्रश्न नाही, पण पाच किलो कपड्यांतून दोन-अडीच लिटर पाणी वाफ होऊन निघतं, ते सगळं तुमच्याच भिंतींवर बसणार, मग बुरशी. आणि पायमोजा? मी काढून पाहिला तर आतून कपड्यांतून सुटलेल्या राखाडी कापसाचा जाड थर, हवा जवळपास अडलेली. हा कापूस भसकन पेटतो.

पाइप गुळगुळीत धातूचा, साधारण 4 इंची, होईल तेवढा सरळ आणि थेट घराबाहेर, प्लास्टिकचा नको. बाहेरच्या तोंडाला जाळी लावू नका, तिथेच कापूस अडकतो. कंडेन्सर किंवा हीट पंपवाला ड्रायर असेल तर त्याला पाइपच लागत नाही, तो वेगळा प्रकार, वाफेचं पाणी आतच करतो.

जुना मेसेज मी डिलीट केलाय, तुम्ही ज्या ग्रुपवर पाठवला असेल तिथूनही काढा प्लीज, आणि त्याऐवजी हा टाका.