रोमन काँक्रीटचं 'हरवलेलं रहस्य': खुलासा

'रोमन काँक्रीटची कृती कायमची हरवली, आजच्या विज्ञानालाही ती सापडलेली नाही; घुमट लोखंडाशिवाय उभा, आजचे पूल मात्र टिकत नाहीत', असा मेसेज सध्या रोममधल्या पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या फोटोसकट फिरतोय. कॉलेजात रोमन स्थापत्य शिकणारी मुलंही तो पुढे पाठवताहेत, म्हणून हा खुलासा.

कृती लिहिलेली आहे. इ.स.पू. पहिल्या शतकात रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसने बंदराच्या बांधकामासाठी प्रमाण दिलं: एक भाग चुना, दोन भाग नेपल्सच्या आखाताजवळची ज्वालामुखीची राख.

प्रश्न होता तो मिसळण्याच्या पद्धतीचा. या काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे दिसतात. नीट न कालवल्यामुळे ते राहिले, असं मानलं जाई. २०२३ साली एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं, की कळीचा (न विझवलेला) चुना थेट, गरम अवस्थेत मिसळल्याने ते तयार होतात. भेग पडून पाणी शिरलं की खड्यातला चुना विरघळतो आणि भेगेतच घट्ट बसून ती बुजवतो. फार सुंदर गोष्ट आहे ही!

'लोखंडाशिवाय उभा' हे मात्र खरं. सुमारे ४३ मीटर व्यासाचा पँथिऑनचा घुमट तळाशी सहा मीटर जाड आहे. वर तो पातळ होत जातो आणि माथ्याकडे हलका प्युमिस दगड वापरलाय. तरीही त्याला उभ्या भेगा आहेत. आजच्या पुलाशी त्याची तुलना चुकीचीच: पुलाला ओढणारा ताण सोसावा लागतो, त्यासाठी पोलाद घालावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते गंजूनच काँक्रीट फुटतं.