‘सहा दिवसांत पन्नास किलोमीटरही नाही’: बर्गंडी कालव्यावरच्या सहलीबद्दल आमचं उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं असं: सहा दिवसांत बोटीने पन्नास किलोमीटरही काटले नाहीत, निम्मा वेळ लॉकमध्ये (म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून बोट चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या, दोन्हीकडे दरवाजे असलेल्या हौदांमध्ये) गेला, एवढे पैसे मोजून केबिन लहान, कालव्यावरचा पुयीचा बोगदा दाखवलाच नाही, त्याचे पैसे परत द्यावेत, आणि तुमच्या आईंच्या पुढ्यातली चीजची ताटली शेफने उचलून नेली. अशी सहल ठरवू पाहणारे इतरही हे वाचतील, त्यामुळे सगळं मोकळेपणाने लिहिते.

फ्रान्समधला हा बर्गंडीचा कालवा २४२ किलोमीटर लांब आहे आणि त्यावर १८९ लॉक आहेत. सरासरी सव्वा किलोमीटरला एक. योन आणि सोन या दोन नद्यांच्या मधला उंचवटा ओलांडायला ही बोट समुद्रसपाटीपासून ३७८ मीटरपर्यंत चढते, आणि पाण्यातून चढायचं तर एकेक हौद भरतच वर जावं लागतं. बोट आत शिरते, मागचे दरवाजे मिटतात, पुढच्या झडपा उघडतात आणि पाणी खळाळत आत येतं. डोळ्यांसमोर असते ती फक्त ओली, शेवाळलेली दगडी भिंत. मग ती हळूहळू खाली जायला लागते. आधी लॉककीपरच्या घराचं छप्पर दिसतं, मग खिडकीतल्या फुलांच्या कुंड्या, मग उंबरा, आणि शेवटी पलीकडची कुरणं आणि त्यांत चरणाऱ्या पांढऱ्या शारोले गाई. पुढचे दरवाजे उघडले की बोट निघते, थोड्या वेळाने पुढचा लॉक. संध्याकाळी लॉकचं काम थांबतं, त्यामुळे रात्री बोट काठाला बांधलेली असते.

मी ही सहल लोकांना सुचवते ती या वेगासाठीच. एका लॉकला उतरायचं, कालव्याकाठच्या सपाट वाटेने रमतगमत चालायचं आणि पुढच्या लॉकला पुन्हा बोटीवर चढायचं, हे गुडघे कुरकुरणाऱ्या माणसालाही जमतं. बोटीवरच्या सायकली त्यासाठीच असतात. तुमच्या मोठ्या नातीने त्या रोज वापरल्या असं कॅप्टनने कळवलं, ते वाचून फार बरं वाटलं. ज्यांना रोज नवं शहर पाहायचं असतं, त्यांना मी ऱ्हाइन किंवा डॅन्यूबवरच्या मोठ्या बोटी सुचवते. त्या १३५ मीटरपर्यंत लांब असतात, दीडशेच्या वर प्रवासी घेतात आणि रात्रीही चालतात. हा पर्याय पहिल्याच भेटीत तुमच्यापुढे ठेवला होता. पूर्ण बोट फक्त आपल्या कुटुंबाची असावी, म्हणून तुमच्या मुलाने कालवा निवडला, आणि मला ती निवड आजही पटते.

केबिनच्या आकाराला कारण आहे १८७९ सालचा फ्रेंच कायदा. सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी लॉकचं माप ठरवून दिलं: सुमारे ३९ मीटर लांब, ५.२ मीटर रुंद. बोट ५.०५ मीटर रुंद. कॅप्टन ती आत घेतो तेव्हा दोन्ही बाजूंना जेमतेम चार बोटं जागा उरते. तेवढ्या रुंदीत पलंग, कपाट, न्हाणीघर आणि जायची वाट बसवायची असते. खोल्यांची मापं बुकिंगच्या कागदात दिलेली आहेत, ती प्रत्येकाने नीट पाहावीत. पैशांचं म्हणाल तर कॅप्टन, शेफ, गाइड आणि इतर कर्मचारी फक्त तुमच्या घरच्यांसाठी होते, आणि जेवण, वाइन, व्हॅनने फिरणं सगळं त्यातच धरलेलं होतं.

पुयीचा बोगदा ३.३ किलोमीटरचा आहे आणि कालव्याच्या माथ्यावर आहे. माथ्यावरचं पाणी साठवण तलावांतून येतं. कोरड्या उन्हाळ्यात तलाव खाली जातात आणि मग कालवा सांभाळणारं फ्रेंच सरकारी खातं तिथली वाहतूक रोखतं किंवा आवरतं. मुलाची सुट्टी ऑगस्टमध्ये होती, तेव्हा ही शक्यता मी लेखी कळवली होती आणि मे-जून सुचवला होता. बोगदा चुकला त्या दिवशी तुम्हाला बर्गंडीतल्याच बोन गावी नेलं, १४४३ साली स्थापन झालेलं, रंगीत कौलांचं जुनं रुग्णालय दाखवलं. पाण्यामुळे मार्ग बदलला तर परतावा मिळत नाही, हे करारात आहे, त्यामुळे ती मागणी मला मान्य करता येणार नाही.

आता आईंची ताटली. फॉर्ममध्ये तुम्ही आईंपुढे ‘कडक शाकाहारी’ असं लिहिलं होतं. ताटलीतलं एप्वास हे त्याच भागातलं चीज, आणि ते वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेट नावाच्या द्रव्याने विरजवतात. शेफच्या हे लक्षात आलं म्हणून त्याने ती उचलली. सगळ्यांसमोर ताटली गेल्यामुळे आईंना अवघडल्यासारखं झालं असेल, याचं मला वाईट वाटतं. पण त्या वयाच्या बाईंचं व्रत एका परक्या देशातल्या स्वयंपाक्याने इतकं मनावर घेतलं, याबद्दल मी त्याचे आभार मानले आहेत. तुम्हीही आईंना हे कारण सांगा, ही विनंती.

तुमच्या मुलाने पुढच्या मे महिन्यासाठी ऱ्हाइनची चौकशी केली आहे. बाझेल ते ॲमस्टरडॅम या मार्गाचं पत्रक त्यांना पाठवलंय. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणून आईंचा पासपोर्ट नूतनीकरणाला टाकायचा असेल तर आत्ताच टाका.