लुसीचे दात आणि जपानी माळी

मावशीची दाढ किडली आहे. डॉक्टरांनी भरून घ्यायला सांगितलं, तर बाईंनी साफ नकार दिला. का, तर म्हणे दातात धातू भरला की डोक्यात रेडिओ वाजायला लागतो. "अमेरिकेतल्या एका नटीला झालंय तसं. तुला पाठवलंय, बघ."

पाठवलं होतंच. तोच मजकूर मला त्याआधी शाळेच्या ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, त्यामुळे आता गप्प बसवत नाही. मजकूर थोडक्यात असा: ल्युसिल ऊर्फ लुसी बॉल नावाच्या मुलीला नाटकशाळेतून हाकलून दिलं. चाळिशीपर्यंत तिला कुत्रंही ओळखत नव्हतं. पण दुसऱ्या महायुद्धात तिच्या दातातल्या धातूने शत्रूचे रेडिओ संदेश पकडले आणि तिने जपानी हेरांची टोळी पकडून दिली. पुढे एकटीच्या जोरावर स्टुडिओ उभारला, 'स्टार ट्रेक' या टीव्ही मालिकेला जन्म दिला, आणि हेर पकडल्याबद्दल देशाने तिला सर्वोच्च नागरी पदक दिलं. खाली हात जोडलेले, आणि त्याखाली आपल्या कुणीतरी जोडलेलं शेपूट: 'म्हणूनच दातात चांदी भरू नका, मोबाईलच्या लहरी थेट मेंदूत जातात.'

नाटकशाळेचं आधी उरकून टाकतो, कारण ते बऱ्यापैकी खरं आहे. लुसीचा जन्म १९११ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन गावचा. वडील टेलिफोन कंपनीत तारा ओढणारे, ती तीन वर्षांची असताना विषमज्वराने गेले. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ती न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेत गेली. तिथे पुढे मोठी नटी झालेली बेटी डेव्हिस गुरुजनांची लाडकी, आणि ही घुमी. पोरीवर पैसे वाया घालवू नका, असं शाळेने आईला कळवलं. ठीक. पण चाळिशीपर्यंत कुणी ओळखत नव्हतं? १९३३ पासून ती हॉलिवूडमध्ये होती. १९३७ साली 'स्टेज डोअर'मध्ये कॅथरिन हेपबर्न आणि जिंजर रॉजर्सबरोबर दिसली, 'बी', म्हणजे कमी खर्चाच्या दुय्यम चित्रपटांची राणी म्हणून नाव झालं आणि १९४८ पासून सीबीएस या प्रसारण कंपनीवर तिची स्वतःची रेडिओ मालिका चालू होती. 'आय लव्ह लुसी' या तिच्या गाजलेल्या टीव्ही मालिकेचा पहिला भाग १५ ऑक्टोबर १९५१ ला लागला, त्याच ऑगस्टमध्ये तिला चाळीस पूर्ण झाली होती. एवढ्यावरून आधीची अठरा वर्षं पुसून टाकली. प्रेरणादायी लिहिणाऱ्यांना शून्य लागतं, त्याशिवाय त्यांचं शंभर दिसत नाही.

आता दात.

नाइलाजाने एक कबूल करतो. ही गोष्ट फॉरवर्ड लिहिणाऱ्याने रचलेली नाही, खुद्द लुसीनेच सांगितलेली आहे. १९७४ मध्ये डिक कॅव्हेटच्या गप्पांच्या कार्यक्रमात तिने ती रंगवून सांगितली. १९४२ साल, एमजीएम स्टुडिओत 'डू बॅरी वॉज अ लेडी'चं चित्रीकरण चालू, दातांत तात्पुरतं शिसं भरलेलं. रात्री गाडीने घरी जाताना तोंडात गाणं वाजायला लागलं. रेडिओ बंद करायला हात नेला, तर तो बंदच. पुढे काही दिवसांनी दुसऱ्या रस्त्याने जाताना गाण्याऐवजी टिक-टिक, टिक-टिक. तिने स्टुडिओच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना सांगितलं, एफबीआय ही केंद्रीय तपास यंत्रणा आली आणि कुणाच्या तरी जपानी माळ्याने लपवलेलं रेडिओ केंद्र सापडलं. किस्सा म्हणून झकास. पण विनोदी नटीने तीस-बत्तीस वर्षांनी टीव्हीवर सांगितलेला किस्सा म्हणजे पंचनामा नव्हे.

विज्ञानाचं आधी बघू. नववीत असताना आम्ही पेटीविना, बॅटरीविना चालणारा क्रिस्टल रेडिओ केला होता. गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याची तार, दुसरी तार नळाला, मध्ये वेटोळं, स्फटिक आणि कानाला हेडफोन. इतकं करून रात्री सगळं शांत झालं की आकाशवाणी पुणे मुंगीच्या आवाजात ऐकू यायचं. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे लहरीची लांबी जवळपास ३७९ मीटर. तिला पकडायला गच्चीभर तारही जेमतेम पुरते, आणि दाढेतलं भरण असतं ज्वारीच्या दाण्याएवढं. समजा, तोंडातल्या दोन धातूंनी स्फटिकाचं काम, म्हणजे लहरीतून आवाजाचा भाग वेगळा काढायचं काम, केलंही. त्याचा आवाज करणार कोण? हेडफोनमध्ये पडदा असतो, तो थरथरतो म्हणून ऐकू येतं. शिशाचा गोळा थरथरत नाही. मोर्सचं, म्हणजे त्या टिक-टिकीच्या सांकेतिक भाषेचं, तर आणखी अवघड. त्या काळी संदेश पाठवताना नुसती लहर चालू-बंद करत, तिच्यावर आवाज चढवलेलाच नसे. ती ऐकू यायची तर रेडिओमध्ये त्यासाठी वेगळी सोय लागते. साध्या स्फटिकावर फार तर खुडखुड व्हायची. आणि मोबाईलच्या लहरींचं शेपूट ज्याने जोडलं त्याला एवढंच सांगतो, की डॉक्टर हल्ली बहुतेक वेळा दाताच्या रंगाचं भरण भरतात, त्यात चांदी नसतेच.

पण विज्ञानावर एवढं लिहूनही मला खरा राग येतो तो माळ्यावरून.

१९४२ च्या कॅलिफोर्नियात जपानी माळी म्हणजे कोण? लॉस एंजेलिस भागात बागकाम हा जपानी कुटुंबांचा ठरलेला धंदा होता, कारण पुष्कळ ठिकाणी दुसरं काम मिळत नसे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर हल्ला केला आणि अफवांना ऊत आला: जपानी शेतकरी विमानांना खुणा करतात, किनाऱ्यावरून पाणबुड्यांना रेडिओने कळवतात. जपानी नागरिकांकडचे शॉर्टवेव्ह रेडिओ आणि कॅमेरे जमा करून घेतले. १९ फेब्रुवारी १९४२ ला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश ९०६६ वर सही केली, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जवळपास १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरादारातून उचललं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेत जन्मलेले, अमेरिकेचेच नागरिक. लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिटा रेसकोर्सवर कुटुंबंच्या कुटुंबं घोड्यांच्या तबेल्यात ठेवली. लिदीचा वास न गेलेल्या खोल्या, गवत भरलेल्या गाद्या. तिथून पुढे मांझानारसारख्या वाळवंटी छावण्यांत.

आता तारखा जुळवून बघा. लुसी एमजीएममध्ये आली १९४२ च्या उत्तरार्धात आणि 'डू बॅरी' हा तिथला तिचा पहिला चित्रपट. तोपर्यंत लॉस एंजेलिसमध्ये जपानी माळी उरलाच नव्हता. ज्याने झाडाखाली ट्रान्समीटर पुरून ठेवला म्हणता, तो काटेरी तारांच्या आत बसला होता.

याला एकच पुरावा पुरेसा आहे, बाकीचे लागत नाहीत. अमेरिकेच्या संसदेने १९८० मध्ये या सगळ्या प्रकरणाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. १९८३ मध्ये त्याचं काम पुरं झालं. आयोगाचा निष्कर्ष असा, की पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या नागरिकाने किंवा तिथे राहणाऱ्या जपानी माणसाने हेरगिरी, घातपात किंवा फितुरी केल्याची एकही नोंदलेली घटना नाही. एकही. रेडिओचंही तेच. किनाऱ्यावर संशयास्पद सिग्नल मिळाल्याच्या तक्रारींचा छडा अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने लावला होता. १९४४ मध्ये त्याच्या अध्यक्षांनी सरकारी वकिलांच्या खात्याला लेखी कळवलं, की ओळख न पटलेला किंवा बेकायदा असा एकही सिग्नल सापडला नाही. १९८८ मध्ये सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर द्यायचं ठरवलं. ज्या आरोपासाठी एका देशाने हात जोडून माफी मागितली, तो आरोप आपण इथे हात जोडलेल्या चिन्हांसकट सकाळच्या चहाबरोबर वाटतोय.

आणखी एक. १९५३ मध्ये लुसीवर कम्युनिस्ट असल्याचा ठपका आला. १९३६ साली तिने मतदार नोंदणीत पक्ष म्हणून कम्युनिस्ट लिहिलं होतं. ४ सप्टेंबरला संसदीय समितीच्या तपास अधिकाऱ्यासमोर तिची साक्ष झाली. म्हातारा आजोबा हटवादी होता, त्याचं मन राखायला सही केली, असं तिने सांगितलं. कारकीर्द पणाला लागलेली, देशनिष्ठेचा पुरावा मागितला जातोय, आणि 'मी एफबीआयला शत्रूचं रेडिओ केंद्र शोधून दिलं' हा हुकमाचा एक्का हातात असताना ती आजोबांवर का भागवेल? एफबीआयची तिच्यावरची फाइल आज लोकांना वाचायला खुली आहे, तीही या कम्युनिस्ट नोंदणीचीच आहे. दरम्यान नवरा डेझी आर्नाझ प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, लुसीचं लाल काय ते फक्त केस, आणि तेही खरे नाहीत. प्रकरण तिथेच विझलं.

डेझीचं नाव फॉरवर्डमध्ये कुठेच नाही, कारण 'एकटीच्या जोरावर' म्हटल्यावर नवऱ्याला जागा कुठून असणार. हा क्यूबातून आलेला गायक-वादक. 'आय लव्ह लुसी'त पडद्यावर लुसीचा नवरा म्हणून अमेरिकन लोक याला पसंत करणार नाहीत, असं सीबीएसचं म्हणणं होतं. मग दोघांनी १९५० मध्ये रंगमंचावर जोडीने प्रयोग करून दाखवले. कार्यक्रम फिल्मवर, तीन कॅमेऱ्यांनी, समोर बसलेल्या प्रेक्षकांसह चित्रित करायचा, हे त्याने लावून धरलं आणि छायाचित्रणासाठी जर्मनीतून आलेल्या नामवंत कार्ल फ्रॉयंडना आणलं. फिल्मचा खर्च वाढतो म्हणून दोघांनी पगार कमी करून घेतला आणि बदल्यात त्या भागांची मालकी मागितली. जुने भाग पुन्हा दाखवून पैसा करता येईल, हे तेव्हा सीबीएसच्या डोक्यात नव्हतं. डेझिलू ही दोघांची निर्मितीसंस्था त्या पैशावर इतकी वाढली, की १९५७ मध्ये त्यांनी आरकेओ या चित्रपट कंपनीचे स्टुडिओच विकत घेतले, जिथे लुसी एकेकाळी पगारी नटी होती. दोघांचा घटस्फोट १९६० चा. १९६२ मध्ये तिने त्याचा वाटा विकत घेतला आणि ती एका मोठ्या टीव्ही स्टुडिओची पहिली स्त्रीप्रमुख झाली. हे तिचं श्रेय घसघशीत आहे आणि डेझीला कथेतून हाकलल्याने ते वाढत नाही. मेरी पिकफर्ड ही नटी १९१९ मध्येच युनायटेड आर्टिस्ट्स या चित्रपट कंपनीची भागीदार होती, म्हणून 'चित्रपटसृष्टीतली पहिली' म्हणत असाल तर तेही आवरा.

'स्टार ट्रेक'? जन्म दिला लेखक-निर्माता जीन रॉडनबेरीने. लुसीने संचालक मंडळाचा विरोध मोडून पैसे मंजूर केले, ते मोलाचं होतं. पुढे १९६७ मध्ये तिने स्टुडिओ गल्फ अँड वेस्टर्न या कंपनीला विकून टाकला.

राहिलं पदक. प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम तिला मिळालं, ६ जुलै १९८९ ला, थोरल्या बुश यांच्या हस्ते. ती २६ एप्रिललाच वारली होती. विनोदी अभिनयाच्या कामगिरीसाठी दिलेलं पदक होतं ते. जपानी माळ्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.