आधी हात, मग मन

राग ओसरला की क्षमा आपोआप येते, असं एका लेखात वाचलं; ते पटलं नाही. कोरी टेन बूम ही डच ख्रिस्ती बाई आठवा; ज्यूंना घरात लपवलं म्हणून ती नाझींच्या कैदेत होती. तिच्यासोबत असलेली बहीण बेट्सी १९४४ मध्ये राव्हेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीत मरण पावली. १९४७ साली म्युनिकमध्ये कोरी क्षमेवरच बोलली आणि नंतर त्या छावणीतलाच एक पहारेकरी हात पुढे करून उभा! तिच्या मनात प्रेमाचा टिपूसही नव्हता. हात उचलणं एवढंच माझ्याकडून होईल, बाकी तू दे, अशी प्रार्थना करून तिने लाकडासारखा हात पुढे केला. ऊब नंतर आली. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही देवाला ‘माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हटलं ते घाम गाळतच. (वधस्तंभावर तर ‘बापा, त्यांना क्षमा कर’ अशी त्याने पित्याकडेच विनवणी केली.) मला स्वतःला भावाशी अबोला सोडायलाही जमत नाहीये, ते सोडा.